मे महिन्यात लेकरांना घेऊन जैसलमेर: विदर्भातल्या गावाकडच्या कुटुंबांसाठी

आपल्याकडे शेतकऱ्याच्या घराला फिरायला जायची फुरसत मिळते ती एप्रिल-मेमध्येच. हरभरा-गहू घरात आलेला असतो, तूर विकून झालेली असते, लेकरांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात आणि मृग लागायला अवकाश असतो. दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचणीवर असतो, मजूर मिळत नाही, तेव्हा आठ दिवस घर बंद करून जाणं जमतच नाही. म्हणून ‘जैसलमेरला हिवाळ्यात जा’ हा सगळ्यांचा सल्ला बरोबर असला तरी आपल्या फारसा कामाचा नाही. ज्यांना मेमध्येच जायचं आहे, घरातून पहिल्यांदाच एवढ्या लांब निघायचं आहे आणि सोबत लेकरं, म्हातारी माणसं आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

आधी उन्हाची भीती. नागपूर आणि जैसलमेर, दोन्हीकडे मे महिन्याचं सरासरी कमाल तापमान ४१ ते ४३ अंशांच्या आसपास असतं. म्हणजे ज्या उन्हात आपण जन्मापासून राहिलो, तेवढंच ऊन तिथे आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला जे जड जाईल ते आपल्याला जमू शकतं. मात्र एका अटीवर. घरी आपण उन्हाळ्यात जसे वागतो तसंच तिथेही वागायचं. घरी आपण पहाटे उठतो, अकराच्या आत वावरातून परत येतो, दुपारी दार लोटून पडतो आणि ऊन उतरल्यावर बाहेर निघतो. सुट्टीवर गेलं की हीच शिस्त सुटते. एवढे पैसे खर्च केले, मग दुपार का वाया घालवायची, असं वाटतं आणि माणूस भर दोनला किल्ला चढायला निघतो. ऊन लागतं ते तेव्हा.

तारीख

एप्रिलचा शेवटचा आठवडा ते मेचे पहिले दहा-बारा दिवस, यातच बसवा. २५ मेपासून नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, त्याच्या आत घरी परतलेलं बरं. जोधपूर-जैसलमेर वाटेवरच्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदलं गेलं होतं, हे लक्षात ठेवा. शिवाय मेच्या शेवटी बियाणं, खत, उन्हाळवाहीची राहिलेली कामं हे सगळं डोक्यावर येतं आणि मन फिरण्यात लागत नाही. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे लेकरांच्या बाजूने घाई नसते. घाई असते ती शेतीची.

कोणी जाऊ नये तेही स्पष्ट सांगतो. वर्षाच्या आतलं बाळ, गरोदर बाई, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा जुना आजार असलेलं माणूस यांना मेमध्ये वाळवंटात नेऊ नका. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते आणि अंगातलं पाणी लवकर कमी होतं. घरात कोणी अशी गोळी घेत असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, स्वतःहून गोळी बंद करू नका.

जैसलमेर जिल्हा पाकिस्तानच्या सीमेवरचा आहे हेही ध्यानात असू द्या. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या काळात जैसलमेरमध्ये रात्रीचे दिवे बंद ठेवावे लागले होते. निघायच्या आठवड्यात बातम्या बघा आणि लेकरांसकट सगळ्यांची ओळखपत्रं सोबत ठेवा.

तिकीट

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. मेच्या पहिल्या आठवड्यात निघायचं तर मार्चच्या सुरुवातीला तिकीट काढायला बसा. उन्हाळ्याच्या सुट्टीत बर्थ पटापट जातात.

पूर्व विदर्भासाठी सोयीची म्हणजे बिलासपूरहून भगत की कोठीला जाणारी गाडी, ती गोंदिया-नागपूरवरून जाते. भगत की कोठी हे जोधपूरचंच दुसरं स्टेशन आहे, मुख्य स्टेशनापासून थोड्याच अंतरावर. ही गाडी रोज नसते, म्हणून आधी तिचा वार बघा आणि मग बाकीचं ठरवा. वर्धा, बडनेरा, अकोल्याकडच्यांना हावडा-अहमदाबाद मार्गावरच्या गाडीने अहमदाबाद आणि तिथून जोधपूर असंही करता येतं. जोधपूर ते जैसलमेर साधारण पावणेतीनशे किलोमीटर आहे, रेल्वेला पाच-सहा तास लागतात. हा टप्पा रात्री किंवा पहाटेच कापा. दिवसा खिडकीतून येणारी धूळ आणि झळ लेकरांना पार थकवते.

म्हातारी माणसं सोबत असतील तर थ्री टायर एसी घ्या. ते परवडत नसेल तर थ्री टायर इकॉनॉमीचा डबा बघा, भाडं थोडं कमी पडतं. पैसे वाचवायचे तर मुक्कामाचा एक दिवस कमी करा, पण एवढा लांबचा प्रवास स्लीपरमधून म्हाताऱ्यांना घडवू नका. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बाराच्या मुलाला बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं.

जोधपूरला एक दिवस थांबा. अंग मोकळं होतं आणि तिथला मेहरानगड किल्ला बघून होतो. सकाळी उघडताच आत जा, दुपारच्या आत खोलीवर या आणि रात्रीच्या गाडीने पुढे निघा.

मुक्काम कुठे

जैसलमेरचा किल्ला रावळ जैसल यांनी ११५६ मध्ये वसवला. त्रिकूट टेकडीवरच्या पिवळ्या दगडाच्या या किल्ल्यात आजही लोक राहतात, दुकानं आहेत, देवळं आहेत. राजस्थानातल्या डोंगरी किल्ल्यांमध्ये त्याला २०१३ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. किल्ल्याच्या आतही हॉटेलं आहेत आणि तिथे राहायचा मोह होतो. पण राहू नका. हा किल्ला बांधला तेव्हा घागरीने मोजून पाणी वापरलं जायचं. नळ आले, संडास-बाथरूम आले आणि सांडपाणी टेकडीच्या पोटात झिरपू लागलं. त्याने पाया भुसभुशीत होऊन तटाचे, बुरुजांचे काही भाग ढासळले आहेत. आपण तिथे आंघोळ केली नाही तर तेवढंच पाणी कमी मुरेल. तशीही आजीला बॅगांसकट तो चढ चढवणं त्रासाचंच आहे.

किल्ल्याच्या खाली गावात खोली घ्या किंवा गावाबाहेरच्या रिसॉर्टमध्ये राहा. मेमध्ये पर्यटक कमी असतात, त्यामुळे हिवाळ्यात हाताबाहेरचे वाटणारे दर बरेच खाली येतात. पोहण्याच्या तलावाचं रिसॉर्ट आपल्यासारख्याला परवडतं ते याच दिवसांत. फोनवर मालकाशी स्वतः बोला. खोली कितव्या मजल्यावर आहे ते आधी विचारा. सगळ्यात वरची खोली कधीच घेऊ नका. दिवसभर तापलेली स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खोली भाजते, हे आपल्याला घरचंच माहीत आहे. एसीचे पैसे वेगळे लागतात का, वीज गेली तर जनरेटरवर एसी चालतो की नुसता पंखा, हे विचारा. नुसत्या कूलरची खोलीही चालते. तिथली हवा कोरडी असल्याने कूलर छान गारवा देतो. गाडी पहाटे पोचते आणि हॉटेलं खोली दुपारी बाराला देतात, म्हणून ‘सकाळी सहाला खोली मिळेल का’ हे ठरवून घ्या. नाही तर पहिलाच दिवस सामानासकट उन्हात जातो.

तलाव असेल तर त्याचे नियमही विचारा. बऱ्याच ठिकाणी नायलॉनचे कपडे लागतात, सुती कपड्यांत उतरू देत नाहीत. बायकांना साडी किंवा पंजाबी ड्रेसवर उतरता येत नाही. घरातल्या बायका-मुलींना पाण्यात उतरायचं असेल तर पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे मिळतात, ते नागपूर-अमरावतीहून आधीच घ्या. त्यांनी तीन दिवस काठावर बसून टॉवेल सांभाळावेत, हे बरोबर नाही.

स्टेशनवर उतरल्यावर रिक्षावाले ‘ते हॉटेल बंद झालं, मी दुसरं दाखवतो’ असं सांगतात. हॉटेलवाल्याला फोन लावून तिथेच बोलणं करून द्या. बहुतेक हॉटेलं गाडी पाठवतात, ते आधीच सांगून ठेवलेलं उत्तम.

सामान

माणशी दोन पांढरे सुती दुपट्टे, एक डोक्याला आणि एक भिजवून मानेवर. पूर्ण बाह्यांचे सैल सुती कपडे. सगळ्यांना बंद बूट आणि मोजे घ्या, चपलेत तापलेली वाळू शिरली की तळवा भाजतो. मोज्यांचा दुसरा उपयोग देवळात होतो. बूट बाहेर काढावे लागतात आणि दगडी फरशी नऊ वाजताच पोळायला लागते. मोजे घातलेलं लेकरू रडत नाही.

पाण्यासाठी पाच लिटरची कॅन घ्या आणि तिला गोणपाट शिवून घ्या. गोणपाट ओलं ठेवलं की कोरड्या हवेत पाणी चांगलं गार होतं. ओआरएसची पाकिटं माणशी रोज दोन या हिशेबाने. व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल जरूर न्या. तिथल्या कोरड्या हवेत लेकरांचा घोळणा फुटतो, म्हणजे नाकातून रक्त येतं. रात्री झोपताना नाकपुडीला आतून तेलाचं बोट लावलं तर बहुधा टळतं. फुटलाच तर मान मागे टाकू नका. लेकराला पुढे वाकवून बसवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरा आणि दहा मिनिटं सोडू नका. रक्त घशात न जाता बाहेर येऊ द्यायचं. इन्सुलिन घेणारं कोणी असेल तर ती बाटली गाडीत किंवा बॅगेत तशीच ठेवू नका. खोलीवर फ्रिज नसेल तर मातीच्या मडक्यात पाणी घालून त्यात एका डब्यात ठेवा.

खिशात कांदा ठेवायची रीत आपल्याकडे आहे, हरकत काहीच नाही. पण कांदा आहे म्हणून पाणी कमी प्यायचं नाही.

दिवस कसा कापायचा

जैसलमेर नागपूरच्या बरंच पश्चिमेला आहे. घड्याळ एकच असलं तरी सूर्य तिथे उशिरा मावळतो. मेच्या मध्यात आपल्याकडे पावणेसातला दिवस बुडतो, तिथे साडेसात वाजून जातात. याचा अर्थ दुपारही लांबते. आपल्याकडे पाचला अंगणात बसता येतं, तिथे पाचचं ऊन आपल्या साडेचारच्या उन्हाएवढं असतं. म्हणून दिवसाचे दोनच तुकडे करा, सकाळी सहा ते साडेदहा आणि संध्याकाळी सहानंतर. मधला वेळ खोलीत जेवण, झोप, पत्ते, गोष्टी. तलावात उतरायचं तेही सकाळी लवकर किंवा सहानंतर. दुपारी पाणी वरून कोमट आणि काठाची फरशी तव्यासारखी होते.

पहिली सकाळ गडीसर तलावाला द्या. पावसाच्या पाण्यावर भरणारा हा तलाव कित्येक शतकं गावाची तहान भागवत होता. आता नळाला इंदिरा गांधी कालव्याचं पाणी येतं. काठावर दगडी छत्र्या आहेत, पाण्यात मोठे मासे आहेत, नावही मिळते. आठच्या आत उरका.

दुसरी सकाळ किल्ल्याची. अखै पोळ, सूरज पोळ, गणेश पोळ, हवा पोळ असे चार दरवाजे ओलांडत दगडी फरशीचा चढ आहे. म्हातारी माणसं असतील तर प्रत्येक दरवाजाच्या सावलीत पाच मिनिटं बसा. दरवाजाच्या बोगद्यातून येणारा वारा चांगला गार असतो. वरची जैन देवळं आपल्यासारख्या पर्यटकांना सकाळच्या ठरावीक वेळातच आतून बघायला मिळतात, म्हणून वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. चामड्याचा पट्टा, पाकीट आत चालत नाही आणि खांदे-गुडघे झाकलेले हवेत. खांबांवरचं कोरीव काम जवळून बघा, लेकरांना एखादी मूर्ती दाखवून तिचे दागिने मोजायला लावा, अर्धा तास निवांत जातो.

पटव्यांच्या हवेल्या खाली गावात आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या पाच हवेल्या एकाला एक लागून उभ्या आहेत. तिकिटं वेगवेगळी आहेत, पाचही बघायची गरज नाही, एक नीट बघा. भिंतींची जाडी, मधला चौक, दगडी जाळ्या आणि गल्लीची अरुंदी यांनी ऊन आतच येत नाही. बाहेर अंग भाजत असताना आतल्या खोलीत हात भिंतीला लावून बघा. नवं घर बांधायचं मनात असेल, तर सिमेंटच्या पातळ भिंती घालण्यापूर्वी बघावं असं हे काम आहे.

कुलधरा आणि खडीन

शेतकऱ्याच्या घराने जैसलमेरला जाऊन न चुकता बघावं ते हे. बहुतेक पर्यटक कुलधऱ्याला भुताच्या गोष्टी ऐकून जातात आणि पडक्या घरांपुढे फोटो काढून परततात. गावापासून अठरा-वीस किलोमीटरवरचं हे पालीवाल ब्राह्मणांचं गाव एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओस पडलं. सालिम सिंह या दिवाणाच्या जाचाने लोक एका रात्रीत निघून गेले, अशी तिथली कथा आहे. अभ्यासक पाण्याची टंचाई आणि करांचा भार यांकडेही बोट दाखवतात. सरळ गल्ल्या, ओळीने घरं, विहिरी असं नीट आखलेलं गाव होतं, ते अजून दिसतं.

पण ही माणसं वर्षाला दीड-दोनशे मिलिमीटर पावसात इथे खात काय होती? आपल्याकडे हजार मिलिमीटर पडूनही मधे वीस दिवसांचा खंड पडला की सोयाबीन माना टाकतं. पालीवालांनी तेवढ्याशा पावसात गहू आणि हरभरा पिकवला तो खडीनावर.

खडीन असं असतं. एका बाजूला खडकाळ, उंच माळ आणि त्याच्या उताराला सखल जमीन. माळावर पडलेला पाऊस मुरत नाही, सगळा वाहून खाली येतो. सखल जागेच्या टोकाला आडवा, लांब मातीचा बांध घातला की ते पाणी तिथे साचतं. बांधाला जास्तीचं पाणी काढायला सांडवा ठेवतात. पावसाळाभर जमीन पाण्याखाली राहते, माळावरून आलेला गाळ तिथेच बसतो. पाणी मुरलं, ओसरलं की त्याच ओलाव्यावर रब्बीची पेरणी, पुढे एक पाणीही न देता. म्हणजे भोवतालच्या कितीतरी मोठ्या माळरानावरचा पाऊस थोड्याशा जमिनीत आणून साठवायचा. पाणी हौदात साठवलं तर उडून जातं, मातीत साठवलं तर पिकाच्या मुळाशी राहतं. अशी खडिनं जैसलमेर जिल्ह्यात आजही पेरली जातात.

गाडीवाल्याला ‘कुलधरा’ एवढंच सांगू नका, ‘खडीन दिखाओ’ असंही ठरवताना सांगा. नाही तर तो पाच-सहा दुकानं दाखवून परत आणेल. मेमध्ये खडीन कोरडं असतं आणि ते एका अर्थी बरंच आहे, कारण बांध उघडा दिसतो. बांधावर उभं राहून एकदा माळाकडे आणि एकदा शेताकडे बघा. खाली उतरून गाळाचं भेगाळलेलं एक ढेकूळ हातात घ्या, फोडा. वरच्या माळावरच्या मुरमाशी ताडून बघा. शेतात कोणी भेटलं तर बोला. हिंदी सगळ्यांना येते, ‘खम्मा घणी’ असा तिथला नमस्कार घातला की माणूस थांबतो. बांध किती वर्षांचा, सांडवा कोणाच्या वाटणीत, पाणी ओसरायला उशीर झाला तर पेरणी कशी करता, असे प्रश्न विचारा. आपल्या धुऱ्या-बांधाच्या भांडणांशी जुळणारी उत्तरं मिळतील. आपल्या उताराच्या वावरातली माती दर जुलैत नाल्याला जाते. तिथे तीच माती अडवून शेत केलंय, हे लेकरांना इथेच समजावून सांगा. हे सगळं सकाळी साडेनऊच्या आत झालं पाहिजे, कारण सावलीला झाड नाही.

समची वाळू

ज्या वाळूच्या टेकड्या फोटोत बघून लेकरं हट्ट धरतात, त्या सम गावाजवळ, शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर आहेत. मेमध्ये तिथले बरेच तंबू बंद असतात. जे उघडे असतात ते स्वस्त पडतात, पण तंबूत रात्री राहू नका. वाळवंटात रात्री थंडी पडते हे हिवाळ्याचं झालं. मेच्या रात्री तिथे पारा २६-२७ अंशांच्या खाली फारसा जात नाही आणि कापडी तंबू लवकर निवत नाही. संध्याकाळी साडेसहाला पोचायचं, दिवस मावळताना वाळूवर बसायचं, उंटावर एक चक्कर आणि नऊपर्यंत खोलीवर परत.

उंटाचे पैसे चढण्यापूर्वी ठरवा. माणशी की उंटामागे, किती वेळ, कुठपर्यंत, हे तिन्ही बोलून घ्या. उंट उठताना आधी मागचे पाय उभे करतो, त्यामुळे माणूस पुढे झुकतो. लेकराला मोठ्याच्या पुढे बसवा आणि मागे रेलायला सांगा. उंट दमलेला किंवा जखमी दिसला तर त्याच्यावर बसू नका, दुसरा घ्या.

जीप वाळूवर उधळत नेण्याचा खेळ मला पसंत नाही. म्हाताऱ्यांची कंबर जाते, शिवाय हा सगळा पट्टा राष्ट्रीय मरुउद्यानाला लागून आहे. आपण ज्याला माळढोक म्हणतो तो पक्षी, तिथला गोडावण, अगदी थोड्या संख्येने याच भागात उरला आहे. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडच्या माळावरही तो दिसायचा. जमिनीवर अंडं घालणाऱ्या या पक्ष्याच्या रानात चाकं फिरवून मिळणारी मजा सोडून देण्यासारखी आहे.

आंधी आली तर? मे-जूनमध्ये संध्याकाळी पश्चिमेकडून पिवळा-तांबूस पडदा उठलेला दिसतो. दिसला की लगेच गाडीत बसा, काचा बंद करा आणि गाडी रस्त्याच्या कडेला थांबवून ठेवायला सांगा. वाळूत असाल तर वाऱ्याकडे पाठ करून खाली बसा, ओला दुपट्टा नाका-तोंडावर धरा. डोळ्यांत गेलेली वाळू चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा. दमा असणाऱ्याचा पंप खिशातच असावा, बॅगेत नाही.

तनोट, लोंगेवाला

तनोट मातेचं देऊळ सुमारे १२० किलोमीटरवर आहे. १९६५ च्या युद्धात तिथे पडलेले आणि न फुटलेले बॉम्ब देवळात ठेवले आहेत, देऊळ सीमा सुरक्षा दल सांभाळतं. लोंगेवाल्याची लढाई डिसेंबर १९७१ ची, तिथे रणगाडे बघायला मिळतात. घरात कोणी फौजेत असेल तर हे बघायलाच हवं. पहाटे पाचला निघा आणि बाराच्या आत परत या. माणशी तीन लिटर पाणी गाडीत हवं, वाटेत वस्ती तुरळक आहे. लेकरं लहान असतील तर सरळ टाळा. शहराजवळ जोधपूर रस्त्यावर युद्ध संग्रहालय आहे, त्यावर भागवा.

खाणं

दाल-बाटी आपल्या माणसाला परकी वाटत नाही. गोवऱ्यांवर रोडगे भाजणाऱ्या घरात बाटीचं काय कौतुक, असं आजी म्हणेल. पण दुपारी ती खाऊ नका, तूप जड होतं. केर-सांगरीची भाजी जरूर मागवा. सांगरी म्हणजे तिथल्या खेजडीच्या, आपल्या शमीच्या, शेंगा. दुपारला ताक, दही-भात, खिचडी एवढंच. गट्ट्याची भाजी रात्री.

ठंडाई घेताना मात्र सावध राहा. जैसलमेरमध्ये भांग उघडपणे, परवानगी असलेल्या दुकानात विकली जाते. लस्सी किंवा ठंडाई मागताना ‘बिना भांग की’ असं स्पष्ट बोला आणि लेकरांसाठी साधं ताकच घ्या. कापून ठेवलेली फळं आणि रस्त्यावरचा बर्फ घेऊ नका. घरून सातूचं पीठ, जवसाची चटणी, दशम्या न्या, प्रवासातली पहिली दोन जेवणं त्यावर निघतात.

ऊन लागलं तर

कोरड्या हवेत घाम येतो तो लगेच उडतो, अंग ओलं होत नाही आणि आपल्याला वाटतं घाम आलाच नाही. म्हणून तहानेची वाट बघू नका, घड्याळावर पाणी प्या. लेकरांना अर्ध्या-अर्ध्या तासाने थोडं थोडं. लघवीचा रंग बघायची सवय लावा. गडद पिवळी झाली किंवा उन्हाळी लागली, म्हणजे लघवीला जळजळ झाली, तर पाणी कमी पडतंय. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यातच घाला, पाकिटावर असतं तसं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, लहान.

डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे येणं ही सुरुवात. सावलीत न्या, कपडे सैल करा, ओआरएस द्या, त्या दिवशी पुन्हा बाहेर काढू नका. माणूस बरळायला लागला, झटके आले, अंग तापून कोरडं पडलं तर तो उष्माघात आहे, तिथे एक मिनिटही थांबायचं नाही. १०८ ला फोन करा, राजस्थानातही हाच नंबर आहे. गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहा, वारा घाला, बगलेत आणि जांघेत गार फडकी ठेवा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जातं. तापाची गोळी देऊ नका, या तापावर ती चालत नाही.

परत येताना

खरेदी शेवटच्या संध्याकाळी, एकदाच. घोटुआ लाडू इथली खास मिठाई, प्रवासात टिकते. कापडावरचं तुकडेजोडीचं काम चांगलं मिळतं, सांगितलेल्या किमतीपासून मोकळेपणाने खाली या. पिवळ्या दगडाच्या वाट्या-दिवे सुंदर असतात पण वजन फार, बॅग उचलायची कोणाला आहे ते बघून घ्या. गाडीवाला नेईल त्याच दुकानात घ्यायची सक्ती नाही.

परतीचं तिकीट असं बघा की नागपूर, वर्धा किंवा बडनेरा सकाळी नऊच्या आत नाही तर संध्याकाळी गाठता येईल. दुपारी एक-दोनला उतरावं लागलंच तर लगेच गावाची एसटी धरू नका. तापलेल्या पत्र्याच्या गाडीत दोन-तीन तास दमलेल्या लेकरांना बसवण्यापेक्षा स्टेशनच्या प्रतीक्षालयात थांबा, जेवा, आजीला आडवं होऊ द्या आणि पाचनंतरची गाडी पकडा.